एकच पुस्तक, दोघांची मागणी: जावास्क्रिप्टमध्ये लहानसं वेब एपीआय कसं उभं राहतं

समजा, आठ-दहा मित्रांनी आपापली पुस्तकं एकमेकांना वाचायला द्यायचं ठरवलं. पुस्तकं ज्याच्या त्याच्या कपाटात, यादी मात्र सामायिक. कोणतं पुस्तक सध्या कोणाकडे आहे, हे त्या यादीत दिसायला हवं. सुरुवातीला एक वही पुरते. मग कोणी मोबाइल ॲप करतो, कोणी वेबपान बनवतो, आणि दोन्हीकडे माहिती तर एकच दिसायला हवी. आता वही हातोहात फिरवून भागत नाही. ती एका जागी ठेवायची, तिच्यापाशी एक कारकून बसवायचा, आणि ज्याला जे हवं ते त्याने खिडकीवर येऊन मागायचं. वहीला परस्पर हात लावायचा नाही.

ती खिडकी म्हणजे एपीआय. कारकून म्हणजे सर्व्हरवर चालणारा आपला जावास्क्रिप्ट प्रोग्राम. वही म्हणजे डेटाबेस. या तिघांपैकी सगळ्यात जास्त चर्चा होते ती कारकुनाची: कोणतं फ्रेमवर्क (प्रोग्रामचा तयार सांगाडा) घ्यावं, फोल्डर कसे लावावेत, फायलींना नावं काय द्यावीत. माझा अनुभव असा की एवढ्याशा कामासाठी कारकुनाचा कोड शंभर-दीडशे ओळींत उरकतो. घोळ होतात ते वहीला काही नियमच शिकवलेले नसतात म्हणून. त्यामुळे हा लेख वहीकडे जरा झुकलेला आहे.

खिडकीवर काय बोलायचं

वेबवर दोन संगणक बोलतात ते एचटीटीपी या ठरलेल्या रीतीने. प्रत्येक रिक्वेस्टमध्ये एक क्रिया असते आणि एक पत्ता. क्रिया मोजक्याच आहेत. गेट म्हणजे दाखव. पोस्ट म्हणजे नवीन नोंद कर. पुट म्हणजे आहे ती नोंद पूर्ण बदल, पॅच म्हणजे तिच्यातला काही भाग बदल, आणि डिलीट म्हणजे काढून टाक. क्रिया आधीच सांगितलेली असल्यामुळे पत्त्यात फक्त नाम उरतं: 'पुस्तके' म्हटलं की सगळी यादी, 'पुस्तके/७' म्हटलं की सात नंबरचं पुस्तक. (प्रत्यक्ष कोडमध्ये ही नावं रोमन लिपीत असतील, इथे वाचायच्या सोयीसाठी मराठीत लिहितोय.)

या पद्धतीला रेस्ट म्हणतात. रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेत पीएचडीच्या प्रबंधात ही कल्पना मांडली. आज ज्यांना सर्रास रेस्ट एपीआय म्हणतात त्यातली बरीचशी त्या प्रबंधातल्या सगळ्या अटींना उतरत नाहीत, पण नाव रुळलं आहे. आपण त्यावर वाद घालायला नको.

आपल्या यादीत पहिली खरी अडचण येते ती 'पुस्तक नेणे' ही गोष्ट पत्त्यात कशी बसवायची इथे. नेणे हे तर क्रियापद झालं. बरेच जण 'पुस्तके/७/नेले' असा पत्ता करून मोकळे होतात. त्याऐवजी जरा थांबून विचारलं, की नेताना नेमकं तयार काय होतं, तर उत्तर मिळतं: एक उसनवारी. कोणी नेलं, कोणतं नेलं, कधी नेलं, कधी परत आलं, अशी एक स्वतंत्र नोंद. मग पुस्तक नेणं म्हणजे 'पुस्तके/७/उसनवारी' या पत्त्यावर पोस्ट, आणि परत देणं म्हणजे त्या उसनवारीच्या नोंदीत परतीची वेळ भरणारं पॅच. क्रियापदाचं नाम केलं आणि डेटाबेसचं दुसरं टेबलही आपोआप सापडलं.

पोस्टबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. गेट, पुट, डिलीट एकदा पाठवा की दहादा, सर्व्हरवरची अंतिम स्थिती तीच राहिली पाहिजे, असा एचटीटीपीचा करार आहे. पोस्टला हे बंधन नाही. आणि नेटवर्क दगा देतंच. नोंद झाली, पण 'झाली' हे उत्तर वाटेत हरवलं, तर समोरचं ॲप तीच मागणी पुन्हा पाठवतं. मग एका पुस्तकाच्या दोन नोंदी. हे लक्षात ठेवा, थोड्या वेळाने उपयोगी पडेल.

उत्तरात एक आकडा येतो, स्टेटस कोड. २०० म्हणजे ठीक, २०१ म्हणजे नवीन नोंद झाली, ४०० म्हणजे तुमची मागणीच चुकीची आहे, ४०४ म्हणजे असं काही नाही, ४०९ म्हणजे मागणी बरोबर आहे पण सध्याच्या परिस्थितीशी तिचा खटका उडतो, आणि ५०० म्हणजे चूक आमची. ४ ने सुरू होणारे दोष मागणाऱ्याचे, ५ ने सुरू होणारे आपले. काही एपीआय प्रत्येक वेळी २०० पाठवतात आणि आतल्या मजकुरात 'अयशस्वी' लिहितात. असं करू नका. समोरचा प्रोग्राम आधी आकडा बघतो, मजकूर नंतर.

मजकूर असतो जेसनमध्ये. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जावास्क्रिप्टच्याच लिखाणातून ही मांडणी वेगळी काढून तिला नाव दिलं आणि ती लोकप्रिय केली. अक्षरं, संख्या, हो-नाही, रिकामं, यादी आणि नाव-किंमत अशा जोड्यांचा संच, एवढेच प्रकार तिच्यात आहेत. तारीख हा प्रकार नाही, हे इथेच बोलून ठेवतो.

कारकून एकटाच आहे

जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये ब्राउझरसाठी लिहिली, तीही दहा दिवसांत. सर्व्हरवर ती चालवायचा प्रयत्न नेटस्केपने लगेच केला होता, पण तो फारसा रुजला नाही. २००८ साली गूगलने क्रोम ब्राउझरबरोबर व्ही-८ हे वेगवान इंजिन खुलं केलं. पुढच्याच वर्षी रायन डाल यांनी ते ब्राउझरबाहेर काढून नोड बनवलं.

डाल यांची तक्रार भाषेबद्दल नव्हती, वाट बघण्याबद्दल होती. सर्व्हरचा बहुतेक वेळ हिशोब करण्यात जातच नाही. डिस्क, डेटाबेस किंवा दुसऱ्या सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यात जातो. तेव्हाचे बरेच सर्व्हर प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक वेगळा थ्रेड किंवा प्रोसेस लावत. म्हणजे शंभर माणसं आली की शंभर कारकून, आणि त्यातले नव्वद कपाटाकडे बघत उभे. नोडमध्ये तुमचा जावास्क्रिप्ट कोड चालवणारा कारकून एकच. तो पहिल्याची मागणी ऐकतो, वहीखान्यात निरोप पाठवतो, त्या मागणीचा कागद बाजूला ठेवतो आणि लगेच दुसऱ्याला 'बोला' म्हणतो. वहीखान्यातून उत्तर आलं की बाजूचा कागद उचलून पुढचं काम करतो. याच चक्राला इव्हेंट लूप म्हणतात.

कोडमध्ये हे 'अवेट' या शब्दाने दिसतं, आणि नवशिक्यांची सगळ्यात मोठी गैरसमजूत याच शब्दाभोवती असते. अवेट म्हणजे 'इथे थांब', हे खरं. पण थांबतो तो एका मागणीचा कागद, अख्खा कारकून नाही. तुमच्या फंक्शनमधल्या दोन लागोपाठच्या ओळींमध्ये अवेट असेल, तर त्या दोन ओळींच्या मधल्या फटीत दुसऱ्या कोणाचंही काम होऊन जाऊ शकतं. कोड वाचताना त्या ओळी एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये दार उघडं असतं.

याची दुसरी बाजूही आहे. अवेट नसलेलं एखादं जड काम, म्हणजे लाखो ओळींची यादी एका दमात जेसनमध्ये बदलणं किंवा पासवर्डचा हॅश (मूळ पासवर्ड लपवणारं त्याचं सांकेतिक रूप) थांबवून ठेवणाऱ्या पद्धतीने काढणं, सुरू असेपर्यंत खिडकी सर्वांसाठी बंद. म्हणून यादी कधीही आख्खी देऊ नये. वीस-पन्नास नोंदींची मर्यादा सर्व्हरने स्वतः घालावी, मागणाऱ्याने मागितली नसली तरी.

फ्रेमवर्कचं काय? नोडमध्ये एचटीटीपी सर्व्हर मुळातच आहे. त्यावर पत्ते ओळखून योग्य फंक्शनकडे धाडायची सोय हवी म्हणून लोक २०१० पासून एक्सप्रेस वापरतात. फास्टिफाय आणि इतरही आहेत. कोणतंही घ्या. एक्सप्रेस घेतलंत तर आवृत्ती ५ घ्या, कारण ४ मध्ये अवेटवाल्या फंक्शनमधली चूक ते स्वतः पकडत नाही, आणि न पकडलेली अशी चूक नोडच्या १५ व्या आवृत्तीपासून अख्खी प्रोसेसच बंद पाडते. बाहेरची पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, मात्र मोजून घ्यावीत. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अवघ्या अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या पॅकेजेसच्या सामायिक भांडारातून काढून घेतलं आणि जगभरातले प्रकल्प काही तास बांधताच येईनात.

वही

यादी ठेवायला डेटाबेसच कशाला, जेसनची फाइल का नाही? एकटाच वापरणारा असेल तर फाइल चालेल. पण फाइल लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धी फाइल उरते, आणि दोघांनी एकदम लिहिलं तर दुसऱ्याचं लिखाण पहिल्याला पुसून टाकतं. डेटाबेस या दोन संकटांवरचा उतारा आहे, वेग ही नंतरची गोष्ट.

एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना रिलेशनल पद्धत मांडली: माहिती टेबलांत ठेवायची आणि टेबलं एकमेकांशी किमतींनी जोडायची. पन्नास वर्षं उलटून गेली तरी आपल्या यादीसाठी यापेक्षा बरं काही मला सापडलेलं नाही. तीन टेबलं पुरतात. सदस्य: क्रमांक, नाव. पुस्तके: क्रमांक, शीर्षक, लेखक, मालक. उसनवारी: क्रमांक, पुस्तक क्रमांक, सदस्य क्रमांक, नेल्याची वेळ, परतीची वेळ. परतीची वेळ रिकामी म्हणजे पुस्तक अजून बाहेर आहे.

शिकायला एसक्यूलाइट हा डेटाबेस उत्तम. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते प्रसिद्ध केलं. वेगळा सर्व्हर लागत नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलीत राहतो, आणि नोडच्या नव्या आवृत्त्यांमध्ये त्याचं मॉड्यूल आतच येतं. सर्व्हर एकापेक्षा जास्त मशीनवर चालणार असेल तर पोस्टग्रेस हा स्वतंत्र सर्व्हर म्हणून चालणारा डेटाबेस घ्या.

आता नियम. शीर्षक रिकामं असता कामा नये. उसनवारीतला पुस्तक क्रमांक पुस्तकांच्या टेबलात असलाच पाहिजे, याला फॉरिन की म्हणतात. परतीची वेळ नेल्याच्या वेळेआधीची नसावी. हे सगळं कारकुनाच्या कोडमध्येही तपासता येतं, आणि तपासावंच, कारण मागणाऱ्याला '४००, शीर्षक राहिलं' असं नीट सांगायचं असतं. पण टेबल तयार करतानाच हे नियम डेटाबेसला सांगितले, तर उद्या दुसरा कोणी वेगळा प्रोग्राम लिहो, की रात्री घाईत हाताने दुरुस्ती करायला बसो, वही चुकीची नोंद घेणारच नाही. कारकून बदलतात, वही टिकते. एसक्यूलाइटमध्ये फॉरिन कीची तपासणी मूळ स्वरूपात बंद असते आणि दर जोडणीला चालू करावी लागते. काही ड्रायव्हर (आपला प्रोग्राम डेटाबेसशी जोडणारा कोड) ती आपणहून चालू करतात. तुमचा करतो का, ते एकदा खोटा पुस्तक क्रमांक घालून बघा.

कारकून डेटाबेसशी बोलतो एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत, आणि इथे एक चूक अशी आहे जिला माफी नाही. मागणीत आलेलं शीर्षक एसक्यूएलच्या वाक्याला अधिक चिन्हाने जोडून वाक्य तयार करणं. एखाद्याने शीर्षकाच्या जागी अवतरणचिन्ह आणि पुढे स्वतःचा एसक्यूएलचा तुकडा पाठवला, की डेटाबेसला आपला हुकूम कुठे संपला आणि त्याची माहिती कुठे सुरू झाली हे कळायला मार्ग राहत नाही. तो सगळंच हुकूम समजून पाळतो. या हल्ल्याची जाहीर चर्चा १९९८ पासून आहे आणि तो अजून चालतो, याचं कारण आळस. उपाय अगदी सोपा: वाक्यात किमतीच्या जागी खूण ठेवायची, एसक्यूलाइटमध्ये प्रश्नचिन्ह आणि पोस्टग्रेसमध्ये डॉलर-एक, डॉलर-दोन, आणि किमती वेगळ्या पाठवायच्या. मग आलेला मजकूर कितीही वाकडा असो, तो मजकूरच राहतो. एक मेख आहे. टेबलाच्या किंवा कॉलमच्या नावाला ही खूण चालत नाही. 'लेखकानुसार लाव' अशी सोय द्यायची असेल, तर चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्ये ठेवा आणि तिच्याबाहेरचं काही स्वीकारू नका.

दोघं एकदम आले

आता ज्या प्रश्नासाठी लेख लिहायला घेतला तो. सात नंबरचं पुस्तक मोकळं आहे. दोघांनी एकाच क्षणी 'मला हवं' म्हणून बटण दाबलं.

साधा विचार असा. आधी डेटाबेसला विचार, पुस्तक बाहेर आहे का? अवेट. नसेल तर उसनवारीत नवी नोंद घाल. अवेट. वाचायला निर्दोष. पण मधलं उघडं दार आठवा. पहिल्याने विचारलं, उत्तर यायच्या आत दुसऱ्यानेही विचारलं. दोघांनाही उत्तर मिळालं 'मोकळं आहे', आणि तेव्हा ते खरंच होतं. दोघांनीही नोंद घातली. दोघांनाही २०१. पुस्तक एक, हक्कदार दोन. पुन्हा पाठवलेल्या पोस्टचीही हीच गत.

हा दोष फसवा आहे, कारण स्वतःच्या मशीनवर एकट्याने तपासताना तो कधीच दिसत नाही. माझ्या पहिल्या एपीआयमध्ये तो कित्येक महिने सुखाने नांदत होता. गंमत म्हणजे एसक्यूलाइटचा थांबवून ठेवणारा ड्रायव्हर वापरला आणि दोन ओळींमध्ये अवेटच नसला, तर एका नोड प्रोसेसमध्ये ही फट राहतच नाही. मग वाटतं, कोड बरोबर आहे. भार वाढला म्हणून तोच प्रोग्राम दोन प्रोसेसमध्ये चालवला की फट परत हजर.

कोडमध्ये कुलूप लावून हे सोडवू नका. एका प्रोसेसमधलं कुलूप दुसऱ्या प्रोसेसला दिसत नाही. नियम वहीला सांगा: उसनवारीच्या टेबलात, ज्या नोंदींची परतीची वेळ रिकामी आहे त्यांच्यापुरता, पुस्तक क्रमांक एकमेव असला पाहिजे. याला आंशिक युनिक इंडेक्स म्हणतात. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस दोन्हींत तो एका वाक्यात तयार होतो. जुन्या, परत आलेल्या उसनवाऱ्या हव्या तेवढ्या राहतात. चालू मात्र एकच.

मग कारकुनाचा कोड उलट सोपा होतो. आधी विचारायचंच नाही. थेट नोंद घालायची. जमली तर २०१. नाही जमली तर डेटाबेस चूक परत देतो. पोस्टग्रेसमध्ये 'एकमेव' नियम मोडल्याचा कोड २३५०५ आणि फॉरिन की मोडल्याचा २३५०३. पहिल्याचं भाषांतर ४०९, 'पुस्तक आत्ताच कोणीतरी नेलं'. दुसऱ्याचं ४०४, कारण त्या क्रमांकाचं पुस्तकच नाही (सदस्य क्रमांक खोटा असला तरी हाच कोड येतो, तेव्हा कोणता नियम मोडला त्याचं नावही बघावं). बाकी काही अनपेक्षित आलं तर ५००, आणि सविस्तर मजकूर आपल्या लॉगमध्ये. तो बाहेर पाठवायचा नाही. डेटाबेसचा चुकीचा संदेश टेबलांची नावं सांगत सुटतो.

परत देताना हीच युक्ती: 'या उसनवारीत परतीची वेळ भर, पण ती रिकामी असेल तरच' असा एकच अपडेट, आणि किती ओळी बदलल्या ते बघायचं. एक बदलली तर काम झालं. शून्य बदलल्या तर ती आधीच परत आली आहे किंवा मुळात नव्हतीच.

तारखांबद्दल म्हटलं होतं. जेसनमध्ये तारीख अक्षरांतूनच जाते, म्हणून आयएसओ ८६०१ चा साचा (आधी वर्ष, मग महिना, मग दिवस) आणि यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ हे ठरवून टाका. पोस्टग्रेसचा नेहमीचा नोड ड्रायव्हर नुसत्या तारखेच्या कॉलममधली किंमत स्थानिक मध्यरात्रीची वेळ म्हणून देतो, जेसन करताना ती यूटीसीत जाते, आणि ग्रीनिचच्या पूर्वेला राहणाऱ्यांना पुस्तक एक दिवस आधी नेल्याचं दिसतं. मोठ्या क्रमांकांचंही असंच. जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच बिनचूक असते, म्हणून हाच ड्रायव्हर बिगइंट क्रमांक मुद्दाम अक्षरांत देतो. 'सात' ही संख्या आणि 'सात' हा मजकूर तीन बरोबरच्या चिन्हांनी ताडून पाहिलात तर ते जुळणार नाहीत. जुळेनात म्हणून मी एक संध्याकाळ घालवली आहे.

डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या सेटिंगमध्ये, ठेवा. पोस्टग्रेसशी प्रत्येक मागणीला नवी जोडणी न करता पूल, म्हणजे उघड्या जोडण्यांचा सामायिक साठा, वापरा. त्या ड्रायव्हरच्या पूलमध्ये मुळात दहा जोडण्यांची मर्यादा असते. घेतलेली जोडणी परत करायची विसरलात तर अकरावी मागणी नुसती लटकते, कसलीही चूक न दाखवता. आणि कोण मागतंय हे ओळखण्याची सोय केल्याशिवाय हे एपीआय स्वतःच्या मशीनबाहेर उघडू नका. तो विषय एवढा मोठा आहे की त्याला चार ओळींत बसवणं बरं नाही.

सगळं जोडून झालं की एक छोटी स्क्रिप्ट लिहा. नोडमध्ये रिक्वेस्ट पाठवणारं फेच हे फंक्शन आतच आहे. एकाच पुस्तकासाठी वीस पोस्ट तयार करा आणि 'प्रॉमिस डॉट ऑल'मध्ये घालून एकदम सोडा. आलेले आकडे मोजा: एक २०१ आणि एकोणीस ४०९. मग इंडेक्स काढून टाका, आधी विचारणारा जुना कोड घाला, आणि तीच स्क्रिप्ट पोस्टग्रेसवर पुन्हा चालवा. एकापेक्षा जास्त २०१ येतात का बघा.